दात घासताय की खरवडताय?

ट्रॅडिशनल डेचे फोटो ग्रुपवर पडले की आपण सगळ्यात आधी काय शोधतो? अर्थातच स्वतःला! साडी मस्त, फेटा कडक, लाइटही भारी पडलाय. मग दोन बोटांनी झूम करतो आणि नजर थेट दातांवर जाऊन अडकते. ‘शी यार, इतके पिवळे?’ बस्स! त्या रात्री ‘दात पांढरे कसे करायचे’ एवढं सर्च केलं, की पुढचे आठ दिवस फोन दुसरं काही दाखवतच नाही. काळीकुट्ट पेस्ट फासून मग पांढरंशुभ्र हसणारी मुलगी, दातांवर लिंबाची साल घासणारा मुलगा, तोंडात निळा दिवा धरून बसलेला इन्फ्लुएन्सर... आणि खाली ‘लिंक इन बायो’.

पॉकेटमनीत बसणारी किंमत, डेंटिस्टकडे जायची कटकट नाही, घरी कुणाला सांगायची गरज नाही. मोह होणारच. छान दिसावंसं वाटण्यात गैर काहीच नाही, त्यामुळे त्यावर लेक्चर देण्याचा इथे अजिबात विचार नाही. पण ऑर्डर कन्फर्म करण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. ‘व्हाइटनिंग’ या एकाच शब्दाखाली चार वेगवेगळे उद्योग चालतात. एखादं प्रॉडक्ट घासून डाग काढतं. एखादं आम्लाने दाताचा वरचा थर विरघळवतं. एखादं आतला रंग ब्लीच करतं. आणि एखादं फक्त डोळ्यांना फसवतं. बॉक्सवर मात्र सगळ्यांच्याच एकच शब्द! आपण यातलं नेमकं काय करतोय हे कळलं नाही, तर पांढरे करण्याच्या नादात दात आणखी पिवळे दिसायला लागू शकतात. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी दात मुळात कसा असतो ते बघू.

दात पांढरे असतात, हे सांगितलं कुणी?

दाताच्या सगळ्यात बाहेरच्या थराला इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातला हा सगळ्यात टणक पदार्थ, हाडापेक्षाही टणक. त्याचा जवळपास ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. पण हा थर दुधी काचेसारखा अर्धपारदर्शक असतो. त्याच्या आत डेंटिन नावाचा थर असतो आणि तो मुळातच पिवळसर असतो. आरशात आपल्याला जो रंग दिसतो तो या दोघांचा मिळून. म्हणजे थोडासा पिवळेपणा ही घाण नाही, आजारही नाही. आरशात नीट बघा, तुमचे सुळे समोरच्या दातांपेक्षा जास्त पिवळे दिसतील. बहुतेकांचे तसेच असतात.

‘पण लहानपणीच्या फोटोत तर माझे दात एकदम पांढरे होते!’ बरोबर आहे. ते दुधाचे दात होते आणि दुधाचे दात कायमच्या दातांपेक्षा पांढरेच असतात. डेंटिस्टकडे दातांचा रंग जुळवायला एक शेडकार्ड असतं. त्यातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या कार्डात १६ छटा आहेत आणि त्या सगळ्या क्रीम, पिवळट, तपकिरी, राखाडी अशाच. कागदासारखा पांढरा रंग त्यात नाहीच. रीलमध्ये दिसणारा तो रंग फिल्टरचा असतो किंवा दातांवर बसवलेल्या व्हेनिअर्सचा.

आता मुख्य मुद्दा. नख तुटलं तर पुन्हा वाढतं. त्वचा खरचटली तर भरून येते. इनॅमलचं तसं नाही. ज्या पेशी इनॅमल बनवतात, त्या दात हिरडीतून वर येईपर्यंत आपलं काम संपवून नाहीशा होतात. त्यानंतर इनॅमल नव्याने तयार करणारं शरीरात कुणी उरत नाही. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट, तसंच पेस्टमधलं फ्लोराइड, किंचित मऊ पडलेलं इनॅमल पुन्हा घट्ट करू शकतात. पण जो थर झिजून गेला, तो गेला. चावण्याच्या टोकाशी हा थर जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असतो आणि हिरडीकडे येताना पातळ होत जातो. तो झिजला की आतलं पिवळं डेंटिन जास्त डोकावतं. खरवडून पांढरे केलेले दात काही काळाने आधीपेक्षा पिवळे दिसतात, ते यामुळे.

राखुंडीचा नवा अवतार

आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी दात कशाने घासायचे? राखुंडी, काळं मंजन, मीठ, नाहीतर कडुनिंबाची काडी. तीच राखुंडी आता ‘अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल’ असं नाव घेऊन, मॅट ब्लॅक ट्यूबमध्ये बसून, तिप्पट किमतीला परत आली आहे.

चारकोल पोटातलं विष शोषून घेतो, म्हणून हॉस्पिटलमध्ये काही विषबाधांवर वापरतात हे खरं आहे. पण त्यावरून ‘दातांचेही टॉक्सिन शोषून घेतो’ अशी उडी मारली जाते, तिला आधार नाही. २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमध्ये चारकोलच्या पेस्ट आणि पावडरींवरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. त्या सुरक्षित आहेत किंवा दात पांढरे करतात, असं म्हणण्याएवढा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग रीलमध्ये फरक कसा दिसतो? एक तर काळ्या रंगानंतर काहीही पांढरंच दिसतं. आणि दुसरं म्हणजे चारकोल चहाचे वरवरचे डाग घासून काढतो, जसा भांड्यावरचा करपलेला भाग तारेच्या घासणीने निघतो. पण नॉनस्टिक तव्यावर तारेची घासणी रोज फिरवली तर काय होतं, हे हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको! पेस्ट किती खरखरीत आहे हे मोजायची ‘आरडीए’ नावाची पट्टी आहे आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार २५० ही तिची वरची मर्यादा आहे. आपल्याकडच्या ट्यूबवर हा आकडा सहसा छापलेला नसतो. सुटी पावडर बोटाने किंवा कडक ब्रशने रगडली तर धोका आणखी वाढतो. शिवाय अनेक चारकोल पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, म्हणजे कीड रोखणारी गोष्टच गायब. आणि काळे कण हिरडीच्या कडेला किंवा जुन्या फिलिंगच्या फटीत अडकले, तर ती काळी रेघ काढायला शेवटी डेंटिस्टकडेच जावं लागतं.

लिंबू, सोडा आणि अकरावीची केमिस्ट्री

दुसरा फेव्हरेट प्रकार म्हणजे किचनमधली लॅब. लिंबू आणि खायचा सोडा, व्हिनेगर, स्ट्रॉबेरी, संत्र्याची साल. ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाहीत’ हे वाक्य ठरलेलं.

कैरी किंवा चिंच जरा जास्त खाल्ली की दात आंबतात ना? ती आम्लाचीच करामत. साधारण ५.५ च्या खाली पीएच गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. आपण सरबत पितो तेव्हा ते पातळ असतं आणि घोटभर येऊन निघून जातं. दातांवर थेट रस चोळून पाच मिनिटं ठेवणं ही वेगळीच गोष्ट झाली. लिंबू नॅचरल आहे हे खरं, पण त्यातलं सायट्रिक अ‍ॅसिड लॅबमधल्या बाटलीतल्या सायट्रिक अ‍ॅसिडपेक्षा वेगळं नाही.

आणि सोडा? गंमत म्हणजे खायचा सोडा एकटा फारसा खरखरीत नसतो. गडबड होते ती लिंबासोबत. मिश्रण फसफसतं आणि आपल्याला वाटतं, डाग निघतायत. खरं तर ते आम्ल आणि बायकार्बोनेटचं नेहमीचं भांडण असतं. मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. फेस येण्याचा दात साफ होण्याशी काही संबंध नाही. लिंबू जास्त पडलं तर उरलेलं आम्ल इनॅमल मऊ करतं आणि त्या मऊ पडलेल्या थरावर आपण ब्रश फिरवतो. स्ट्रॉबेरी आणि सोड्याचं मिश्रण अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून बघितलं. दात पांढरे झाल्याचं त्यांना दिसलं नाही.

याच कारणासाठी कोल्ड्रिंक, लिंबू सरबत किंवा एनर्जी ड्रिंक प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या.

स्ट्रिप, पेन आणि तो निळा दिवा

आता येऊ खऱ्या ब्लीचकडे. यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. हे खरवडत नाही. ते दातात झिरपतं आणि रंग देणाऱ्या रेणूंचं ऑक्सिडेशन करतं. या पद्धतीवर भरपूर संशोधन झालंय आणि ती काम करते, हेही खरं. रात्री दातांवर ट्रे लावून १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरण्याची पद्धत हेवूड आणि हेमन या अमेरिकन डेंटिस्टांनी १९८९ मध्ये मांडली. १० टक्के कार्बामाइड म्हणजे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. तपासणी झालेली, दातांच्या मापाचा ट्रे, ठरलेले दिवस आणि डेंटिस्टची नजर, एवढ्या अटींवर ही पद्धत उभी आहे.

ऑनलाइन किटमध्ये नेमक्या याच अटी गायब असतात. पेरॉक्साइड काही मिनिटांतच इनॅमल आणि डेंटिन पार करून दाताच्या नसेपर्यंत पोहोचतं. म्हणून थंड पाणी प्यायलं की सण्णकन कळ जाते. बहुतेक वेळा हा त्रास थोड्या दिवसांत थांबतो. पण दाताला कीड असेल, चीर असेल किंवा फिलिंग गळत असेल, तर जेल थेट आत शिरतं आणि मग रात्रभर ठणका. आपल्या वयात दाताच्या आतली नसेची पोकळीही मोठी असते, त्यामुळे कळ लवकर जाते. सगळ्यांना एकाच मापाचा ट्रे दिलेला असतो, त्यातून जेल बाहेर येऊन हिरडीला लागलं तर हिरडी भाजल्यासारखी पांढरी पडते आणि चुरचुरते.

युरोपियन युनियनने यावर २०१२ पासून कडक नियम लावलाय. दुकानात खुलेपणाने विकायच्या प्रॉडक्टमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड जास्तीत जास्त ०.१ टक्का. त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंतचं फक्त डेंटिस्टमार्फत, तेही पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली. आणि १८ वर्षांखालच्यांना बंदी. आता तुमच्या कार्टमधल्या पेनाचा फोटो झूम करून बघा. त्यावर टक्केवारी तरी लिहिली आहे का? ‘पेरॉक्साइड फ्री’ लिहिलं म्हणजे लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. अशा काही किटमध्ये सोडियम क्लोराइट असतं आणि ते काम करावं म्हणून सोबत आम्ल असतं. म्हणजे परत लिंबाचीच गोष्ट!

आणि तो निळा दिवा? घरगुती किटमधल्या दिव्याने फारसं काही होत नाही, जे काही करतं ते जेल. तोंड उघडं ठेवून बसलं की दात कोरडे पडतात आणि कोरडा दात काही तास जास्त पांढरा दिसतो. ‘बिफोर-आफ्टर’ फोटो नेमका त्याच वेळी काढला जातो.

आणखी एक. कॅप, व्हेनिअर आणि दाताच्या रंगाचं फिलिंग यांच्यावर ब्लीचचा परिणाम होत नाही. समोरच्या दाताला फिलिंग असेल तर दात उजळेल आणि फिलिंग जुन्याच रंगाचं राहून उठून दिसेल. ब्रेसेस लावलेल्या असताना ब्लीच केलं, तर ब्रॅकेटखालची जागा तशीच राहते आणि तार निघाल्यावर दातांवर चौकोन दिसतात.

दातांना नीळ

पांढरे कपडे पिवळट वाटायला लागले की आई शेवटच्या पाण्यात नीळ टाकते. जांभळ्या किंवा निळ्या व्हाइटनिंग पेस्टचं गुपित तेच आहे. निळ्या रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर दातावर बसतो, पिवळेपणा झाकला जातो आणि काही तास दात उजळ वाटतात. यात रंग बदलत नाही, फक्त तसा दिसतो. पेस्ट फार खरखरीत नसेल आणि त्यात फ्लोराइड असेल, तर एका फंक्शनपुरता हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी प्रकार.

डाग कुठला, ते आधी ओळखा

या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न खरं तर वेगळाच आहे. माझे दात पिवळे का आहेत?

टपरीवरचा दिवसाला पाच वेळा कटिंग, कॉफी, सिगारेट, तंबाखू यांचे डाग बाहेरून बसतात. महिनोन् महिने क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश वापरला तरी तपकिरी डाग पडतात. हे सगळे साध्या स्केलिंग-पॉलिशिंगने, म्हणजे आपण ज्याला क्लिनिंग म्हणतो त्याने निघतात. त्यासाठी ब्लीच लागतच नाही. ‘क्लिनिंग केलं की दात हलतात’ असं घरोघरी म्हणतात, ते खरं नाही. वर्षानुवर्षं साचलेलं कीटण निघाल्यावर त्याखालची फट दिसते, म्हणून तसं वाटतं.

काही डाग आतले असतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे लहानपण गेलेल्या अनेकांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतात. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन गोळ्यांचे करडे पट्टेही तसेच. हे डाग घासून जात नाहीत, कारण ते दात घडतानाच त्यात मिसळलेले असतात. त्यावर पावडर रगडणं म्हणजे टाइल्सवरचं डिझाइन पुसायला बसणं. डेंटिस्टकडे त्यासाठी वेगळे उपाय आहेत. आणि गाव सोडून शहरात आल्यावर या दातांवरून कुणी चिडवत असेल, तर त्याला एवढंच सांगा की हे पाण्याचं आहे, ब्रश न केल्याचं नाही.

एकच दात काळपट किंवा राखाडी होत चाललाय? कधीतरी क्रिकेटचा बॉल लागला होता किंवा बाइकवरून पडला होतात? मग त्या दाताची नस मेलेली असू शकते. तिथे स्ट्रिप लावत बसलात तर आत इन्फेक्शन वाढत राहील.

आणि सिगारेट, मावा, गुटखा चालू ठेवून व्हाइटनिंग करायचं असेल, तर पैसे सरळ कचऱ्यात टाका, फरक नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, तरी अनेक घरांत दात घासायला मिश्री अजून लावतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर दातांचा रंग विसरा आणि आधी दाखवून या. तुमच्यासाठी नसेल तर घरातल्या मिश्री लावणाऱ्या आजीसाठी हे लक्षात ठेवा.

मग करायचं काय?

पहिली पायरी, एकदा तपासणी आणि गरज असेल तर क्लिनिंग. खासगी क्लिनिक परवडत नसेल तर सरकारी डेंटल कॉलेजच्या ओपीडीत जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला अशी सरकारी कॉलेजं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर डेंटल कॉलेजही आहे. तिथे खर्च बराच कमी येतो आणि तपासणारे तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतात. अनेकांचं समाधान क्लिनिंगनंतरच होतं.

दुसरी पायरी, सॉफ्ट ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. जोर लावून आडवं घासल्याने दात पांढरे होत नाहीत, हिरडीजवळ खाचा मात्र पडतात.

तिसरी, एवढं करूनही ब्लीच हवंच असेल, तर वय १८ पूर्ण झालेलं असू द्या, कीड आणि हिरड्यांचा त्रास आधी बरा करून घ्या आणि डेंटिस्टला विचारूनच टक्केवारी आणि दिवस ठरवा. परिणाम कायमचा नसतो, काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत टिकतो. म्हणून ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत दर महिन्याला स्ट्रिप लावत बसू नका.

आणि आधीच घरी काहीतरी लावून झालंय, दात शिवशिवतायत? ते लगेच बंद करा. काही दिवस फार थंड आणि आंबट टाळा, पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट वापरा. आठवड्याभरात कमी झालं नाही, किंवा एकाच दातात ठणका लागला, तर घरी सांगा आणि डेंटिस्टला दाखवा. काय लावलं होतं ते लपवू नका, जमलं तर बॉक्सच सोबत न्या. ओरडा खावा लागेल कदाचित, पण दात वाचेल.

सहा-सात वर्षांचे असताना आपला एक-एक दात पडत गेला आणि त्याच्या जागी नवा आला. तेव्हा चॉकलेटं खाऊन किडवले, धडपडून तोडले, तरी सगळं माफ होतं. आता तोंडात आहेत ते शेवटचे. साठी-सत्तरीतही चकली कडाकडा खायची असेल, तर याच दातांनी खायची आहे.